हळदीचं बोलावणं

कृणालने आयुष्यात एकही गाणं विकत घेतलं नव्हतं आणि ही गोष्ट तो छाती फुगवून सांगायचा. चारकोप गावठाणात हळद कुणाचीही असो, साउंड कृणालचाच. स्पीकर, लाइट, जनरेटर सगळं त्याने घाम गाळून जमवलेलं. गाणी मात्र नेटवरून फुकटात उतरवलेली. "हवा काय कोण विकत घेतं का?" असं वर विचारायचा. मित्र माना डोलवायचे, कारण त्यांचे फोनही त्याच्याच पेनड्राइव्हवर पोसलेले.

त्यामुळे धाकट्या बहिणीची, हेमांगीची हळद ठरली तेव्हा धवला कोण म्हणणार हा प्रश्नच त्याला पडला नाही.

धवला म्हणजे हळद लावताना धवलारणीने म्हणायचं गाणं. त्यात ती आधी देवांना बोलावते, मग घरच्या माणसांना, जिवंत असोत की गेलेली, एकेकाचं नाव घेऊन. गावात आता एकच धवलारीण उरली होती, अंजनाबाई. नारळ-तांदळाने तिची ओटी भरायची, लुगडं द्यायचं, मग ती तोंड उघडणार. पण न्यूमोनिया होऊन गेल्यापासून चार शब्द बोलली तरी तिला धाप लागायची.

"म्हातारीला कशाला त्रास?" कृणाल म्हणाला. "तिचाच धवला नेटवर आहे. जुन्या कॅसेटवरून कोणीतरी टाकलाय. आवाज एकदम कडक."

"दादा, मला आईला बोलवायचंय," हेमांगी म्हणाली. "दुसरं काही नको."

त्यांचा बाप महादू लवकरच गेला. आई नमिताने मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहून दोघांना वाढवलं आणि मागच्या पावसाळ्यात तीही गेली. हेमांगीच्या लग्नाची साडी मात्र आधीच घेऊन ठेवली होती बाईने.

"अगं, धवला लागला की येणारच ना आई! टेन्शन नको घेऊ."

त्याने गाणं उतरवलं, सुरुवात ऐकली, देवांची नावं नीट येतायत बघून खूश झाला आणि पुढचं ऐकायच्या भानगडीत पडला नाही. आजवरच्या सगळ्या हळदींत धवल्याच्या वेळी हा पठ्ठ्या मांडवामागे जनरेटरपाशी असायचा. धवला कसा चालतो हे त्याला ठाऊक असणार कुठून?

हळदीच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसा मांडव भरला. हेमांगी पाटावर बसली. अंजनाबाईला मानाने पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, बघायला म्हणून. कृणालने बटण दाबलं आणि स्पीकरमधून तरण्या अंजनाबाईचा आवाज आला. असा भरदार, असा धारदार, की हळद कालवणाऱ्या बायकांचे हात थांबले. खुद्द अंजनाबाई तोंडावर पदर धरून बसली. "ही मी?" ती पुटपुटली. कृणालने कॉलर ताठ केली.

देव झाले. मग आवाज म्हणाला, या गो या, आमच्या माणिकच्या हळदीला या.

मांडवात कुजबुज उठली. कोण माणिक? स्पीकर त्या माणिकच्या आजाला हाका मारत होता, चुलत्याला हाका मारत होता, आणि हेमांगीच्या अंगाला लावायची हळद बायकांच्या बोटांवर तशीच राहिली. दुसऱ्या नवरीच्या नावाची हळद लावणार कोण? हेमांगीने भावाकडे पाहिलं. डोळे डबडबलेले. कृणालने घाईघाईने बटण बंद केलं. आपल्या तोंडाला कोणी काळं फासलं असतं तरी बरं, असं त्याला झालं.

"माणिक माझी भाची व्हती," अंजनाबाई म्हणाली. दम घेऊन पुढे बोलली, "टेपवाला आयला व्हता तिच्या हळदीला. त्यानं पण पयली ओटी भरली रं माझी. मग बटण दाबलं."

कृणाल खाली मान घालून घरात गेला. सूप, तांदूळ, नारळ घेऊन आला, आणि आईने कधीतरी घेऊन ठेवलेलं एक कोरं लुगडं. आत्याने ओटी भरली. गाण्याआधी काही द्यायची त्याची ही पहिलीच खेप.

अंजनाबाई उठून पाटाशी बसली. आवाज कसला, नुसता श्वास. पण मांडवातलं पोरगंसुद्धा हललं नाही. दर ओळीला तिचा दम सरायचा, मागच्या बायका ती ओळ उचलायच्या, तोवर ती पुढचीसाठी श्वास भरून घ्यायची. स्पीकरच्या भिंतीपाशी उभ्या कृणालच्या अंगावर काटा आला. इतका हळू आवाज इतक्या लांब पोचलेला त्याने कधी ऐकला नव्हता.

मग तिने नावं घ्यायला सुरुवात केली आणि कृणालला कळलं ते हे, की अंजनाबाई प्रत्येक नावाला थांबते. आत्याचं नाव आलं, आत्या म्हणाली, "आयली." गेलेल्या महादूचं नाव आलं, त्याच्या वतीने काका म्हणाला, "आयलो." ओ आल्याशिवाय अंजनाबाई पुढे सरकत नव्हती. मशीन असं कुणासाठी थांबलं नसतं.

"नमिता," ती म्हणाली. "ये गो, लेकीच्या हळदीला ये." आणि थांबली.

हेमांगीने तोंड उघडलं, पण हुंदक्यापुढे शब्द फुटेना. आत्या बोलणार तोच अंजनाबाईने हात वर केला. ती कृणालकडे बघत होती. धापा टाकत, पण घाई न करता.

सगळा मांडव थांबला होता. कृणालला जाणवलं की आई खरंच कुठेतरी दारापाशी आली आहे आणि आता सगळं त्याच्या एका शब्दावर अडलंय. उभ्या जन्मात तो माइकशिवाय चारचौघांत बोलला नव्हता.

"आयली," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "आयली गो."

अंजनाबाईने मान हलवली आणि पुढची ओळ घेतली. हेमांगीच्या शेजारच्या बायका मुकाट्याने सरकल्या आणि पाटाला लागून त्यांनी एका बाईपुरती जागा केली.