तालमीत न म्हटलेलं वाक्य

विल्फ्रेड टॅन्सलीनं जन्मभर बटलर केले, पाद्री केले, तिसऱ्या अंकात मरणारे काका केले. चेहरा अख्ख्या इंग्लंडच्या ओळखीचा, नाव विचाराल तर कुणाला सांगता यायचं नाही. मी हल शहरातल्या थिएटरात कपडेपट सांभाळते. त्याची कॉलर वर्षानुवर्षं मीच लावत आलेय, म्हणून त्याला चार शब्द सुनवायचा हक्क माझा.

यंदा नाटकाचं अगदी शेवटचं वाक्य पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला आलं. आमच्यात ते वाक्य तालमीत कुणी म्हणत नाही, अपशकुन मानतात. पहिल्या प्रयोगालाच म्हणायचं. तालमीत हा दारापाशी यायचा, नुसती मान लववायचा, की सगळे चहाला पळायचे.

"मला तरी म्हणून दाखव," मी म्हटलं.

"नाट लावू नकोस, ग्लेनिस."

"नाट कसली डोंबलाची? पाठ आहे ना तुझं?"

तो हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. हल्ली तो मधूनच मला मॉली म्हणायचा. मॉली त्याची बायको. तिला पुरलं त्या दुपारी हा पठ्ठ्या रंगमंचावर उभा होता, प्रयोग पडता कामा नये म्हणे. तेव्हापासून मुलीनं, हेस्टरनं, बोलणंच टाकलं.

या पहिल्या प्रयोगाचं तिकीट त्यानं तिला धाडलं होतं.

"येतेय ती," कॉलर लावून घेताना म्हणाला. "नाटक संपलं की माफी मागणार. तेवढं झालं की मी सुटलो."

"मग आत्ताच जाऊन माग की, मेल्या."

"आत्ता नको. आधी तिला काम बघू दे माझं."

काम झकास झालं. शेवटी तो दारापाशी आला आणि थांबला. थांबूनच राहिला. प्रॉम्प्टरनं वाक्य दिलं, पुन्हा दिलं. याची नजर नुसती भिरभिरत होती, भलत्याच्याच घरात शिरल्यासारखी. अखेर पडदा पाडला. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे. उभं राहून टाळ्या पिटल्या त्यांनी. मी विंगेत संतापानं रडत होते.

हेस्टर रंगपटाच्या दारात आली, हातात नाटकाचं माहितीपत्रक, डोळे लाल. तिनं तोंड उघडायच्या आत हा अदबीनं उठला, पत्रक घेतलं आणि पेन काढलं.

"कुणाच्या नावानं लिहू, बाईसाहेब?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हेस्टर," ती म्हणाली.

"अरे वा, माझ्या मुलीचंही हेच नाव. आज यायचीय ती. फार वाईट वागलोय हो मी तिच्याशी. माफी मागायचीय." सही करून त्यानं पत्रक परत दिलं. "राग मानू नका, पण जरा दार मोकळं कराल? ती येईल एवढ्यात."

हेस्टर दारातून बाजूला झाली.