उलटा उपास

थर्लबीने ओटची भाकरी आणि ताकाचा वाडगा स्वतः उचलला, गढीचा जिना उतरला आणि दरवाज्याबाहेर बसलेल्या म्हातारीपुढे ठेवला. गोर्मलाने त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिची नजर दरवाज्याच्या माथ्यावर होती. तिथल्या लोखंडी सळईवर तिच्या मुलाचे, बंडखोर ताइगचे, डोके लावलेले होते. पावसाने आणि कावळ्यांनी त्याचा चेहरा नेला होता, पण आईला ओळख पटायला चेहरा कशाला लागतो?

"खा, म्हातारे," थर्लबी मोडक्यातोडक्या आयरिशमध्ये म्हणाला. "उपाशी मरून काय साधणार आहेस?"

गोर्मलाने घोंगडी डोक्यावरून पुढे ओढली.

मागे उभा असलेला आयरिश कारभारी फेलिम खाकरला. "ती भीक मागायला नाही बसली, सरकार. धरणं धरलंय. ज्याच्याकडून न्याय हवा त्याच्या दारात उपाशी बसायचं, ही आमची जुनी रीत. पोराचं डोकं पुरायला मागतेय."

"आणि नाही दिलं तर?"

"कधी देणार तेवढा नुसता शब्द द्या, लगेच उठेल. पण ती उपाशी असताना तुम्ही पोटभर जेवलात, तर या मुलखात तुमची पत गेलीच म्हणून समजा. कुत्रंसुद्धा तुमच्या हातचं खायचं नाही."

शब्द देणेच तर अवघड होते. थर्लबी इंग्लंडातल्या चेशर परगण्यातल्या एका खोगीरवाल्याचा मुलगा. उमेदीची सगळी वर्षे त्याने आयर्लंडच्या चिखलात घालवली, हुकूम आला तशी गावे जाळली, आणि मागच्या महिन्यात राजाने त्याला बॅरन केले. जन्मजात उमराव त्याच्या पाठीमागे अजून नाक मुरडत. राजाचा नायब याच आठवड्यात गढी पाहायला येणार होता. सळई रिकामी दिसली असती, तर हा नवा बॅरन बंडखोरांना फितूर झाला असे म्हणायला लोक टपलेलेच होते. नायबाची पाठ वळली की डोके गुपचूप उतरवून द्यायचे, हे थर्लबीने मनाशी ठरवले होते. पण बोलायची सोय नव्हती. भिंतींना कान असतात, आणि फेलिमला जीभही होती.

दुपारी ताट पुढे आले. खिडकीतून खालची घोंगडी दिसत होती. दुष्काळात गवत चावून मेलेल्या बायका थर्लबीने पाहिल्या होत्या. त्यांची शेते त्यानेच पेटवली होती. त्याने ताट बाजूला सारले.

"घेऊन जा. मला घास उतरत नाही."

फेलिमने त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि ताट उचलले.

दुसऱ्या दिवशीही थर्लबी पाण्यावरच राहिला, तिसऱ्याही. शब्द देता येत नाही, तर निदान तिच्याबरोबर उपाशी तरी राहावे, असे त्याला वाटले. हा मऊपणा त्याला नवा होता, आणि खरे सांगायचे तर थोडासा आवडलाही. नोकरचाकर त्याच्यासमोर आवाज खाली आणून बोलू लागले. माझी कणव यांना कळली, या विचाराने त्याला बरे वाटले.

नायब आला. दारातली घोंगडी पाहून त्याने घोडा थांबवला.

"ही कोण?"

"भिकारीण आहे," थर्लबी म्हणाला.

मेजवानीला त्याने पोट बिघडल्याचे सांगितले. नायबाने गढी पाहिली, दरवाज्याच्या माथ्यावरचे डोके पाहिले, पाठ थोपटली आणि सकाळी निघून गेला.

घोड्यांची धूळ खाली बसायच्या आत थर्लबी शिडी लावून वर चढला. ताइगचे डोके त्याने सळईवरून काढले, आपल्या झग्यात गुंडाळले आणि धापा टाकत खाली आला.

"घे, म्हातारे. जा घेऊन."

गोर्मला भिंतीला टेकून बसली होती. फेलिमने वाकून तिच्या नाकापुढे हात धरला आणि नकारार्थी मान हलवली.

थर्लबीला खूप वाईट वाटले. "मी देणारच होतो रे. तिच्यासाठी मीही अन्नाला शिवलो नाही."

"तिच्यासाठी?" फेलिम गोंधळला. "सरकार, दारात उपाशी बसलेल्यापुढं मालकानंही जेवण सोडलं, की तो उलटा उपास. दोघांची झुंज लागते. जो आधी खाईल तो हरला."

"म्हणजे?"

"तुम्ही जेवला असतात, तर ती जिंकून घरी गेली असती. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, 'धनी जेवला का?' म्हटलं, नाही. तर म्हणाली, 'मग आता मला उठता यायचं नाही.'"

"आणि तू मला बोलला नाहीस!"

"मला वाटलं, तुम्ही आमच्या रीतीनंच लढताय."

दरवाज्यातून नोकर एकेक करून बाहेर आले. कुणी रडले नाही. त्यांनी टोप्या काढल्या, पण म्हातारीकडे नव्हे, थर्लबीकडे पाहून.

"माझ्या आजोबांनी असा एकच सरदार पाहिला होता," फेलिम आदराने म्हणाला. "आता तुमच्या दारात पुन्हा कुणी न्याय मागायला बसायचं नाही, सरकार. ताट वाढायला सांगू?"

थर्लबीने झग्यातले ओझे छातीशी घट्ट धरले. स्वयंपाकघरातून भाजलेल्या मांसाचा वास आला, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटले.