टार्नेसो

मी एक जुना पत्रा आहे. माझ्या पोटात इंग्रजी ‘आर’ कापलेला आहे. अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गाठींवर मार्का मारायला मला वापरायचे. मला गाठीवर दाबून धरायचं, वरून काळ्या रंगाचा कुंचा फिरवायचा, की अक्षर उमटलंच म्हणून समजा. अब्दुल गफ्फार नावाच्या कारागिरानं मला छिन्नीनं कापलं. माझा एक पाय त्याच्या हातून जरा तिरपा गेला. पण मित्रांनो, वीस वर्षांत त्यावरून मला कुणी नावं ठेवली नाहीत. माझा छाप घेऊन गाठी पार जहाजात चढल्या. आता एवढा मान मिळाल्यावर थोडी ऐट येणारच की!

मार्का मारायचं काम मोतीरामकडे होतं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तो आम्हाला तोंडावरून ओळखायचा. ‘ओ’ म्हणजे भाकर, ‘टी’ म्हणजे खांब, आणि मी लंगडा. पण कोणत्या गाठीवर कोण बसायचं, यात तो कधी चुकला नाही.

मग प्रेस बंद पडली. भंगारवाल्यानं पोती भरभरून पत्रे नेले. बाकाखाली सरकलेले आम्ही सात जण तेवढे वाचलो. टी, ए, आर, एन, ई, एस आणि ओ. मोतीरामनं आम्हाला पिशवीत घातलं आणि जुन्या शहरातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणून मैनाच्या पुढ्यात ठेवलं. मैना त्याची एकुलती एक लेक. आई नव्हती तिला. तेव्हा ती सहावीत होती.

त्या दिवसापासून आमचं दुसरं आयुष्य सुरू झालं. मोतीराम धान्य बाजारात हमाली करून यायचा, हातपाय धुवायचा आणि आम्हाला अंगणात मांडायचा. मैनानं आमच्यातून शब्द शोधायचे. नेट, टेन, नोट, स्टार, स्टोन. एका शब्दाला एक चिंचोका. शब्द बरोबर की चूक, हे मोतीरामला कळायचा सवालच नव्हता. पोरगी म्हणेल ते खरं. अर्थ मात्र तो प्रत्येक शब्दाचा विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी बाजारात चारचौघांना सांगायचा.

एक गोष्ट त्याच्या मनाला लागायची. शब्द झाला की दोन-चार अक्षरं बाजूला पडून राहायची. प्रेस बंद झाली तेव्हा तोही असाच बाजूला पडला होता ना! तो रोज विचारायचा, “सातही जनं एका शब्दात बसत नाहीत काय वो मैना? कोनालेच बाहेर ठेवू नोको.” मैना डोकं खाजवायची. तिला काही सुचायचं नाही.

एके दिवशी पोतं घसरून त्याचा खांदा चांगलाच दुखावला. तो आला आणि आम्हाला न मांडताच भिंतीला टेकून बसला. मैनाला ते बघवेना. तिनं आम्हा सातांना एका ओळीत लावलं आणि म्हणाली, “बाबा, सापडला. टार्नेसो.” अर्थ काय, तर एकाच घरची माणसं. असा शब्द कुठंच नाही, मित्रांनो. पण मोतीराम इतका हसला, इतका हसला, की खांदा विसरून उठला, काळा रंग शोधला आणि दारावरच्या भिंतीवर आम्हा सातांचा छाप मारून मोकळा झाला. मैनाचं तोंड एवढंसं झालं. आज सांगीन, उद्या सांगीन करता करता तिनं वर्षं घालवली.

ती आठवीत असताना, ती शाळेत गेली होती तेव्हा, गल्लीतला सरफराज दारात आला. कॉलेजात शिकणारा पोरगा. भिंतीकडे बघून त्यानं विचारलं, हे काय लिहून ठेवलं काका? मोतीरामनं ऐटीत अर्थ सांगितला. सरफराज हसला नाही. त्यानं हळूच सांगितलं, की असा शब्द डिक्शनरीत नाही. मोतीराम उठून भिंतीपाशी गेला. मला वाटलं, आता हा भिंत खरवडणार. पण त्यानं कुंचा घेतला, आम्हाला पुन्हा जागच्या जागी धरलं आणि तोच छाप जास्त गडद केला. “नसन पुस्तकात,” तो म्हणाला, “माह्या पोरीनं माह्यासाठी बनवला. तिले सांगू नोको मले समजलं म्हून. लाजीन ते.”

सरफराजनं शब्द पाळला. पुढं तो कामाला पुण्याला गेला. मोतीराम दर दिवाळीला छाप गडद करायचा आणि मैना दर दिवाळीला खाली मान घालून रंगाचा डबा धरायची. तिला वाटायचं, बाप फसला आहे. त्याला वाटायचं, पोरगी सुखात आहे. मी दोघांच्या मध्ये लोंबकळत होतो.

मैना बी.एड. करायला अमरावतीला गेली. तिथं तिनं मोबाईलमध्ये आमची सात अक्षरं टाकली, तर सातही बसतील असे खरे शब्द क्षणात समोर आले. तिनं ते वहीवर उतरवले आणि ठरवलं, आता घरी जायचं, खरं सांगायचं आणि खरा शब्द भिंतीवर लावायचा. पण त्याच आठवड्यात मोतीरामची छाती भरली. कापसाची धूळ वर्षानुवर्षं आत बसलेली. मैना बसनं पोचली तेव्हा दारात माणसं जमली होती.

तेरावं झाल्यावर तिनं चुना कालवला. स्टुलावर चढली. “बाबा,” ती भिंतीला म्हणाली, “मी खोटं बोलली होती. लोक हसले असतीन तुमाले.” आणि तिनं एकेक अक्षर पुसायला घेतलं. अगं थांब, तुझ्या बापाला माहीत होतं! तो शब्द आता तुझा नाही, त्याचा आहे! पण मला कुठं बोलता येतं? दोन हात चुन्याचे बसले आणि भिंत पांढरी झाली. मैना खाली उतरून खूप रडली.

मित्रांनो, आता मी सांदीत गंजत पडलो आहे. माझा गंज काढा, असं मी म्हणणार नाही. पण घरात कुणाचं खोटं तुम्हाला कळलं असेल आणि तुम्ही ते मनातून माफ केलं असेल, तर तेवढं त्या माणसाला सांगून टाका. मोतीराम सांगेल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.