आईच्या कबरीभोवतीचं गवत

मंडळी, तुमच्याआमच्या घरात एक वाक्य रोज ऐकू येतं, "एवढ्यानं काय होतंय?" कोरियातल्या गांगवनच्या डोंगरावर कोबी पिकवणारा बोंगसुलही हेच म्हणायचा.

त्याचं शेत डोंगराच्या सोंडेवर, चांगलंच उताराचं. माती रेताड, भुसभुशीत. पाणी साचत नाही, कोबीची मुळं कुजत नाहीत, हा तिचा गुण. पण पाणी निघालं की तीही त्याच्याबरोबर निघते. बोंगसुलनं गुण तेवढा पाहिला. सऱ्या वरून खाली सरळ पाडायचा. माती झिजून दगड वर आले, की गावातल्या सगळ्यांसारखा तोही ट्रकनं नवी माती आणून पसरायचा.

सोंडेच्या माथ्यावर त्याच्या आईची कबर होती, मातीचा गोल उंचवटा आणि भोवती दाट गवत. एका वसंतात त्यानं ते गवतही नांगरलं.

"अरे, त्या गवतानंच आईला धरून ठेवलंय," थोरली बहीण सुनरे म्हणाली होती.

"ताई, चार ओळी कोबी जास्त येईल. आई काय पळून चाललीय?"

उन्हाळ्याच्या शेवटी कोबी काढला, उतार उघडाबोडका पडला आणि वादळी पाऊस आला. पुढे छुसोकचा सण होता, पितरांच्या कबरीपुढे वाकून नमस्कार करायचा. सणाआधी कबर साफ करायला दोघं विळे घेऊन वर गेली. पाहतात तो कबरच नाही! एका सरीची घळ होऊन ती माथ्यापर्यंत फाटत गेली होती. उथळ खड्ड्यातली आईची हाडंही पाण्यानं नेली होती.

"ट्रक मागवतो," बोंगसुल पुटपुटला. "होती तशी बांधून देतो."

"कशाची बांधतोस? त्या मातीत आई असेल का?" सुनरेचा आवाज चढला नाही, तेच त्याला सोसवेना. "आपण वर ओततो, पाऊस खाली ओढ्यात नेतो. ओढ्यातले मासे मेले, खालच्या गावाचं पाणी गढूळ झालं, तेव्हा तुला मला काही वाटलं? आज आपलं माणूस गेलं म्हणून रडू येतंय."

दिवसभर दोघांनी ओढ्याचा गाळ हातांनी चाचपला. काही सापडलं नाही. बोंगसुल तिथेच चिखलात बसून हमसून हमसून रडला.

त्या शरदात त्यानं उघड्या उतारावर राय हे गव्हासारखं थंडीतलं धान्य पेरलं, म्हणजे हिवाळाभर मुळं माती धरतील. पुढच्या वसंतात सऱ्या आडव्या घेतल्या, माथा गवताला सोडला. शेजारी हसले, "काय रे, आता गवत विकणार का?"

मंडळी, उतारावरची हलकी माती उघडी टाकू नका. तिला आडवी सरी द्या, मुळांचा आधार द्या. विकत आणलेल्या मातीनं शेत भरतं, गेलेलं भरून येत नाही. बोंगसुल आता दर छुसोकला ओढ्याकाठी तांदळाची दारू वाहतो. पण ओढा खाली धरणाला मिळतो, आणि वाकायचं कुठल्या दिशेला, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.