एका घराचा एक नंबर

ऑनलाइन ट्रेनिंगला बायका कशा हजर राहतात, हे ट्रेनिंग देणाऱ्यालाही ठाऊक असतं. कॅमेरा बंद, माइक बंद आणि अर्धा जीव गॅसवरच्या दुधात. कामिनी त्यातली नव्हती. नरडाण्याच्या पलीकडच्या एका गावात ती उपकेंद्रावर आरोग्यसेविका होती, आणि दर बुधवारी दुपारी टेबलावर लॅपटॉप मांडून ती पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी ताठ बसायची. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतल्या सिस्टर्सना एकत्र घेऊन हे 'डेटा कौशल्य' शिकवणं चाललं होतं. शिकवणारे हितेंद्र सर गोड बोलायचे, मधूनच कामिनीचं नाव घेऊन शाबासकीही द्यायचे. तिला ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

त्या बुधवारी सर पुढचा धडा सुरू करणार, तोच रावेरकडच्या एका सिस्टरने माइक उघडला. तिच्या मागे पंखा खडखडत होता.

"सर, तुम्ही मागे सांगितलं होतं, मोबाईल नंबर एकच असला की माणूस एकच, दुसरी रांग उडवायची. पण आमच्याकडे केळीवाल्यांची मोठी घरं. सुना तीन, आणि नंबर तिघींचा सासऱ्याचाच. माझ्या यादीतून दोन सुना गायब झाल्या की हो!"

कोणीतरी खुदकन हसलं. सरही हसले. "अहो, मी ऑफिसातल्या स्टाफचं उदाहरण दिलं होतं. तुम्ही तसं नका करू."

कामिनी हसली नाही.

तो धडा तिने सरावाच्या शीटवर केलाच नव्हता. खोट्या नावांवर हात साफ करण्यात काय गंमत? तिने गावातल्या गरोदर मातांची खरी यादी उघडली होती. यादी होतीही गचाळ. एकच बाई दोनदा चढलेली, कधी आशा कार्यकर्ती लताबाईने सांगितलं म्हणून, कधी बाई स्वतः तपासायला आली म्हणून. कामिनीने मोबाईल नंबरचा कॉलम धरला, बटण दाबलं, आणि यादी अंगण झाडून काढावं तशी लख्ख झाली. तिचा फोटो तिने ग्रुपवर टाकला. सरांचा अंगठा आला. तीच यादी, आणि तिच्यातल्या लाल म्हणजे धोक्याच्या नावांची वेगळी यादी, छापून तिने लताबाईच्या हातात ठेवली, आणि त्या याद्यांवरून लताबाई महिनाभर घरोघर फिरत होती.

सर बोलत राहिले. कामिनीने जुनी प्रत शोधून काढली. घाईत दोनदा भलतीच फाइल उघडली. मग एकेक नाव पडताळायला लागली. ही खरंच दोनदा होती. हीसुद्धा. ही तर बाळंत होऊन गेली. जरा धीर येत होता, तेवढ्यात तोताराम आबांचा नंबर आला. त्या नंबरापुढे दोन नावं. वर भूमिका, आबांची मोठी सून. खाली पुनम, धाकटी. दोघी जावा एकदमच गरोदर राहिल्या म्हणून अख्ख्या गल्लीने त्यांची थट्टा केली होती. बटणाला थट्टा कळत नाही. त्याने वरची ठेवली आणि खालची गिळली.

त्या खालच्याच रांगेत कामिनीने स्वतःच्या हाताने लाल रंग भरला होता. पुनमचं बीपी चढलेलं होतं, पाय सुजलेले होते. डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली होती, मीठ कमी सांगितलं होतं, आणि दर आठवड्याला तपासायचं ठरलं होतं. आता तिला नववा लागला असणार. या महिन्यात कामिनी कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात अडकली होती, आणि यादीत लाल दिसलं की बाई आठवायची, नाही दिसलं की विसरायची, अशी तिला सवयच लागून गेली होती.

तिने आबांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या घराची रीत तिला माहीत होती. फोन एक, तो आबांच्या बंडीच्या खिशात, आणि बंडी गोठ्यातल्या खुंटीला. मग तिने लताबाईला लावला.

"लताबाई, आबांची पुनम कशी आहे?"

"बरी शे ना ताई. तिन्हं नाव निंघी गयं ना!"

"निघालं म्हणजे?"

"तुम्हीच ना काढं लिस्टमाईन? मी सुगंधाबाईले सांगी दिन्हं, धाकलीनं नाव आते नही, म्हंजे तिन्हा धोका टळी गया."

रागवावं तर कोणत्या तोंडाने? बाई बरी झाली, बीपी उतरलं, की लाल यादीतून तिचं नाव काढायचं, ही पद्धत तिनेच पाडलेली. गावातल्या सासवा आता डॉक्टरच्या शब्दापेक्षा त्या यादीवर भरवसा ठेवायच्या. नाव निघालं की देवापुढे साखर ठेवणाऱ्याही होत्या. नाव चुकूनही निघू शकतं, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

लॅपटॉप तसाच बोलत सोडून तिने बॅग उचलली आणि स्कूटीला किक मारली. दुपारचं ऊन रस्त्यावर थरथरत होतं. दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी शेतं. वाटेत तिला पुनमची भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोला, नोकरीचीही वाटत होती. आधी पुनम, मग नोकरी, मग पुन्हा पुनम, असं डोक्यात फिरत राहिलं. आपल्याला या घडीला नोकरी कशी आठवते, याची तिला लाज वाटली, पण आठवायची काही थांबली नाही.

आबांच्या अंगणात खाटांवर जुन्या साड्या अंथरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते. सुगंधाबाई, पुनमची सासू, काठी घेऊन कोंबड्या हाकलत होती. कामिनीला पाहून तिचा चेहरा फुलला.

"या ताई, या! बसा. ताजं बिबडं खाई पहा."

"पुनम कुठे आहे?"

"मांगला घरमा पडेल शे. सकायपाईन डोकं दुखस म्हने. कालदिन बिबडा कऱ्यात ना आमी बठ्ठ्यास्नी, ऊन लागनं व्हई."

"गोळी घेते ना रोजची?"

"आते कसानी गोळी?" सुगंधाबाई हसली. "नाव निंघी गयं तवयच मी बंद करी टाकी. पोटमा लेकरू शे, कितल्या गोळ्या खावाड्याना? मीठबी दिन्हं चालू करी. बिचारी अळनी खाई खाई कटाळी गयथी."

कामिनी चप्पल न काढताच आत गेली. मागच्या खोलीत अंधार होता. पुनम भिंतीकडे तोंड करून पडली होती, आणि भूमिका, स्वतःचं पोट सांभाळत, तिच्या कपाळावर ओला फडका धरून बसली होती. पुनमचा चेहरा इतका सुजला होता की कामिनीला तो क्षणभर ओळखू आला नाही.

"पुनम, मी कामिनीताई. इकडे बघ."

पुनमने मान वळवली. डोळे उघडे होते, पण ते कामिनीच्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागले होते.

"ताई, दिवा लावा ना," ती म्हणाली. "माले तुम्हनं तोंड दिखत नही."

कामिनीने दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहिला आणि पुन्हा मोजला, पहिला खोटा असावा म्हणून. दुसरा पहिल्यापेक्षा वर होता. मग हातांनी त्यांचं काम केलं. डॉक्टरांना फोन, एकशेआठला फोन. झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन डॉक्टरांनी फोनवरून सांगितलं तसं तिने दिलं. बॅगेत ते होतं, म्हणून तिने मनातल्या मनात भेटेल त्या देवाचे पाय धरले.

गाडी आली. सुगंधाबाई अनवाणीच चढली. सोनगीर मागे पडलं आणि पुनमचं अंग एकदम ताठ झालं, दात आवळले, तोंडातून फेस आला. कामिनीने तिला कुशीवर वळवून धरलं. झटका थांबेस्तोवर तिला स्वतःचा श्वास घ्यायचं भान नव्हतं. सुगंधाबाईने ओरडायचंही सोडून दिलं होतं. तिने फक्त कामिनीचा मोकळा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि धुळे येईपर्यंत पुटपुटत राहिली, "तुम्ही वनात म्हनीसन, ताई. तुम्ही वनात म्हनीसन." आपण आलो म्हणून! तो हात कामिनीला चटके देत होता, पण तिने तो सोडवून घेतला नाही.

हॉस्पिटलात पुनमला थेट आत नेलं. नरडाण्याच्या कारखान्यातून पुनमचा नवरा प्रेमराज तसाच कामाच्या कपड्यांवर आला. तिघं बाकावर बसली. आतून कोणी बाहेर आलं की तिघं उभी राहत, आणि तो माणूस दुसऱ्याच कोणाचं नाव घेऊन निघून जाई. भीतीची एक जात असते, तिच्यात माणसाला रडूही येत नाही. कामिनी दाराच्या कडीकडे बघत बसली होती. सुगंधाबाईने तिचा हात अजून सोडला नव्हता.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. "ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली, बारीक आहे, काचेत ठेवली आहे. आईही वाचली. पण तिला अजून काही दिसत नाहीये. बहुतेक वेळा नजर परत येते. आज मात्र मी खात्री देणार नाही." मग त्यांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या कोणी बंद केल्या?"

सुगंधाबाईने खाली मान घातली. "मी."

डॉक्टरीणबाई आत गेल्या. प्रेमराज मात्र उसळला. "माय, कोनी सांगं व्हतं तुले? आंधळी करी ठेवी तू तिले! मन्ही पोर बिनमायनी व्हई जाती आज!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. सुगंधाबाईने मान वर केली नाही. यादीचं नाव काढलं नाही, लताबाईचंही नाही. तिला स्वतःलाच पटलं होतं की हे आपल्या हातून झालं. कामिनी थोडी गप्प बसली असती तर तिच्यावर कधीच काही आलं नसतं. आबांच्या घरात म्हातारी जन्मभर बोलणी खात राहिली असती, आणि कामिनीताई पुनमला वाचवणारी म्हणून दर दिवाळीला फराळाचं ताट आलं असतं. कामिनीला ते ताट डोळ्यांपुढे दिसलं. त्याची तिला बीपीच्या आकड्यापेक्षा जास्त भीती वाटली.

"प्रेमराजभाऊ, आईंना बोलू नका," ती म्हणाली. "पुनमचं बीपी उतरलंच नव्हतं. यादीतलं नाव मी काढलं. चुकून. कॉम्प्युटरवर एक नंबर दोनदा दिसला, मी बटण दाबलं, आणि पुनम निघून गेली. आईंना वाटलं ती बरी झाली. कोणालाही तसंच वाटलं असतं."

प्रेमराजला ते समजायला वेळ लागला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "ताई, आमना घरमा बठ्ठास्ना नंबर एकच शे. दोन्ही सुनास्ले तोच लावेल शे. हाई तुम्हाले माहीत नही व्हतं का?"

त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच खाटेवर बसून, चहा पीत तिने तो नंबर दोघींच्या नावापुढे लिहून घेतला होता.

"माहीत व्हतं," कामिनी म्हणाली.

सुगंधाबाईने आपला हात काढून घेतला.