आपण चालत जाऊ

पन्नाशी जवळ आली की पुरुषाला गाडी बदलावीशी वाटते म्हणतात. आमच्याकडे बदलायलाच काही नव्हतं. लग्न ठरलं तेव्हाच मी आणि बायकोनं ठरवून टाकलं होतं, की आपण गाडी घ्यायची नाही. घरही असं शोधलं, की दोघांना कामावर पायी जाता यावं. मुलगी झाली, तिला कडेवर घेऊन चाललो, मग खांद्यावर, मग बोट धरून. लोक आधी हसले, मग कौतुक करायला लागले, आणि शेवटी कंटाळून त्यांनी आमचा नाद सोडला.

मी कवळ्या बनवतो. दंतवैद्य तोंडाचा साचा पाठवतात, मी मेणात हिरड्या उभ्या करतो आणि एकेक दात बसवतो. लॅबमध्ये मला सगळे 'पायदळ' म्हणतात. "पायदळ आलं, उघडा शटर!" असं मालक रोज सकाळी ओरडतो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. गावभर गाड्यांचे हप्ते फेडणारी माणसं, आणि त्यांच्यात आपण एकटे ताठ मानेनं चालतोय, याची एक गुर्मी असते. ती माझ्यात भरपूर होती.

गेल्या वर्षापासून मात्र माझं काहीतरी बिनसलं. लॅबमध्ये स्कॅनर आला. नवीन पोरं पडद्यावर दात रचतात आणि यंत्र ते कोरून देतं. माझ्या टेबलावर येतात त्या म्हाताऱ्यांच्या पडून तुटलेल्या कवळ्या, सांधायला. जवळचं दिसेनासं झालं, चष्म्यावर भिंग लावावं लागलं. माझ्याच वयाच्या मालकानं मोटरसायकल घेतली. पॉलिश करणारा केस काळे करून व्यायामशाळेत जायला लागला. मीच एकटा कालच्यासारखा आज आणि आजच्यासारखा उद्या. सकाळी आरशात बघताना वाटायचं, आपलं जे काय व्हायचं होतं ते होऊन गेलं की काय? आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही?

लॅबच्या समोर गाड्यांचं शोरूम आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज आत शिरलो. विक्रेत्यानं एका निळ्या गाडीचं दार उघडून धरलं. मी बसलो आणि दार ओढून घेतलं. बाहेरचा सगळा आवाज एकदम गेला. मला चक्क भरून आलं. का, ते विचारू नका. त्यानंतर मी अधूनमधून जात राहिलो. विक्रेता पुढेपुढे चहासुद्धा विचारायला लागला. "सर, घरी बोललात का?" तो म्हणायचा. घरी काय बोलणार? तिला काय वाटलं असतं? उभा जन्म जिनं माझ्याबरोबर पायपीट केली, तिला मी जाऊन सांगू, की बाई, आता मला स्टिअरिंग धरायचंय? एवढा हलकट मी होणार नाही, असं मनाशी म्हणायचो आणि गाडीतून उतरायचो. उतरताना जरा मोठं झाल्यासारखंही वाटायचं.

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. सकाळी आम्ही बरोबर निघतो. सिग्नलच्या कोपऱ्यावर ती डावीकडे वळते, मी सरळ जातो. त्या वाटेवर मी तिला सगळं सांगायचो. मालक काय म्हणाला, कुठली कवळी कुणाच्या तोंडात बसत नाही, पेपरात काय आलंय, पोरीचं पुढे काय करायचं. संसारातला सगळ्यात चांगला भाग कोणता असं मला कुणी विचारलं असतं, तर मी ही वाट दाखवली असती.

आठवड्यातून एकदा तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी असते. त्या दिवशी ती दुपारी बसनं आईकडे जाते. निदान माझी तशी समजूत होती.

परवा असाच तिच्या सुट्टीचा दिवस होता. लॅबचा पोचवणारा माणूस आला नाही आणि एक कवळी तातडीनं दंतवैद्याकडे न्यायची होती. मालक म्हणाला, "पायदळ, आज तूच जा." कवळीची डबी खिशात घालून मी बसथांब्यावर उभा राहिलो; बायको आईकडे जाते तीच ही बस. बस येईना. बराच वेळ गेल्यावर शेजारचा माणूस म्हणाला, की पुढे पाण्याचा पाइप फुटून रस्ता खचलाय, दुपारपासून या मार्गाच्या सगळ्या बस बंद आहेत. मी निघणार तेवढ्यात सिग्नल लाल झाला आणि माझ्या अगदी समोर एक छोटी करडी गाडी येऊन थांबली.

चालवणारी बाई खालचा ओठ डाव्या बाजूनं दाताखाली धरून बसली होती. मी माणसं जबड्यावरून ओळखतो, तो माझा धंदाच आहे. हा जबडा तर मी रोज उशीवर बघतो. मागच्या सीटवर सासूबाई मान टाकून झोपल्या होत्या.

मी हात वर केला. तिनं वळून बघितलं. सरळ माझ्याकडे. मग हिरवा लागला आणि गाडी गेली. गियर असा अलगद बदलला, की पहिल्यांदा बसलेल्या माणसाला ते जमूच नये. मी आ वासून उभा राहिलो, आणि दुसऱ्याच कुणाचे तरी दात माझ्या खिशात.

तरीही मी स्वतःची समजूत काढली. अचानक काही गरज पडली असेल. मागून हॉर्न वाजत होते, कुठे थांबणार? घरी आल्यावर आपणहून सांगेल. संध्याकाळी ती आली, पिशवी खुंटीला अडकवली, चपला काढल्या आणि म्हणाली, "दमले बाई. बसला काय गर्दी! नशीब खिडकीशी जागा मिळाली."

ती पाण्याचा पेला घेऊन बसची हकीकत सांगत होती. कंडक्टर कुणावर तरी खेकसला म्हणे. कुणाचं तरी मूल रडत होतं. नसलेल्या बसमध्ये तिनं माणसं भरली होती, आणि इतक्या सराईतपणे, की गेल्या कितीतरी आठवड्यांच्या बस माझ्या डोळ्यांपुढून रिकाम्या निघून गेल्या.

ती आंघोळीला गेली. मुलगी टेबलाशी मोबाइल घेऊन बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई गाडी छान चालवते, नाही?"

तिनं झटकन वर बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

संपलं. 'कुठली गाडी?' असं तिनं विचारलं असतं, तर मी अजूनही तग धरला असता.

"कुणाची आहे?"

"आजीची. मामानं घेऊन दिली. आई चालवायला शिकली. मी कॉलेजला गेले ना, तेव्हापासून." मग जरा चाचरत म्हणाली, "बाबा, चिडू नकोस ना. सगळ्यांना माहीतच आहे."

"सगळ्यांना म्हणजे?"

"आजीला, मामाला. खालच्या काकूंना. तुझ्या मालकांनाही. त्यांची मोटरसायकल बंद पडली होती, तेव्हा आईनं त्यांना सोडलं होतं."

म्हणजे जो माणूस मला रोज सकाळी पायदळ म्हणून हाक मारतो, तो माझ्या बायकोच्या शेजारच्या सीटवर बसून आला होता. मी अजून बसलो नव्हतो. आमच्या चालण्याचं मी लॅबमध्ये भाषण द्यायचो, तेव्हा तो मिशीतल्या मिशीत हसायचा. मला वाटायचं, कौतुकानं.

बायको केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. मुलीनं मोबाइल उचलला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ते बंद दार बघूनच हिला कळलं असावं.

"आज त्या मार्गाला बस नव्हती," मी म्हणालो. "दुपारपासून."

ती खुर्ची ओढून बसली. टेबलावरचं काहीतरी नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "आम्ही ठरवलं होतं तुला सांगायचं नाही. तुला वाईट वाटलं असतं."

आम्ही.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. 'आपण' म्हटलं की ऐकणारा माणूसही आत असतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. शाळेतल्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलताना ती 'आम्ही' म्हणाली असेल ती फक्त माहेरच्या गोष्टी सांगताना, लहानपणी आम्ही अमुक करायचो, आम्ही तमुक खेळायचो. आज माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच मुलीला धरून, शेजारणीला धरून, माझ्या मालकालासुद्धा धरून 'आम्ही' होते. आणि समोर मी एकटा. गाडीचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

"मला बघितलंस ना तू?" मी विचारलं.

"बघितलं."

"मी हात केला होता."

"हो."

"मागून हॉर्न वाजत होते, म्हणून थांबली नाहीस?" तिनं निदान एवढं तरी 'हो' म्हणावं, म्हणून मीच तिला उत्तर पुरवलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. "थांबले असते तर तू आत बसला असतास."

"बसलो असतो. मग?"

"मग ती गाडीही आपली झाली असती."

मला आधी कळेचना. आपली झाली असती तर बिघडलं कुठे?

"तुझं 'आपण' मला चांगलं माहीत आहे," ती म्हणाली. "आपण गाडी घ्यायची नाही. आपण चालत जाऊ. आपल्याला नाही असलं काही आवडत. चारचौघांत तू म्हणायचं आणि मी मान डोलवायची. त्यातलं माझं किती होतं रे?"

"तू हो म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पंचविशीत माणूस कशालाही हो म्हणतं."

"मग नंतर नाही म्हणायचं! तोंड होतं ना?"

"कधी म्हणणार? तू थांबलास तर." तिच्या आवाजात राग नव्हता. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली जेवणानंतर हे ती गिऱ्हाईकाला सांगते ना, त्याच आवाजात बोलत होती. "मला आवडतं चालवायला. आईला कुठेतरी लांब फिरवून आणते. ती मागे झोपते. काचा वर घेतल्या की शांत. कुणी बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो."

"घराच्या दारापासून सिग्नलपर्यंत."

संसारातली एकच वाट मी जपली होती, तीही तिनं नुसती सोसली होती. आणि ती निळी गाडी मी कुणासाठी सोडत होतो? त्या बंद दाराआड मलाही तीच शांतता भेटली होती. मग राहवलं नाही आणि मी बोलून गेलो, "मलाही हवी होती गाडी. गेलं वर्षभर. समोरच्या शोरूममध्ये जाऊन बसतो मी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग बोलला का नाहीस? एवढं बोलतोस!"

"तुला वाईट वाटलं असतं."

ती हसली. अगदी पोटातून, ओल्या केसांचा टॉवेल सुटेपर्यंत. कदाचित मीही हसायला हवं होतं, म्हणजे तिथेच सगळं मिटलं असतं. पण मला हसू आलं नाही. मी नुसता बसून उतरत होतो, ती चालवत होती. मी कुणालाही सांगितलं नव्हतं, तिनं मला सोडून सगळ्यांना सांगितलं होतं. दोन्ही एकच, असं कुणी मला म्हणालं तर मी त्या माणसाशी बोलणार नाही.

ती टॉवेल वाळत घालून आली. "जेवायचं ना?" म्हणाली. आम्ही तिघं जेवलो. मुलगी एकदा तिच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. भांडी मी घासली, कारण ती पाळी माझी होती.

सकाळी मला वाटलं, ती आधी निघून जाईल. पण दारात येऊन बघतो तर नेहमीसारखी पिशवी खांद्याला लावून उभी. आम्ही जिना उतरलो. मी बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरवलं होतं असंही नाही, पण तोंडाशी येणारा प्रत्येक शब्द मला खोटा वाटत होता. बेकरीवाला शटर वर करत होता. शाळेची मुलं धक्के देत पुढे पळाली. लॅबमध्ये मालकाच्या समोर कसं उभं राहायचं, याचे माझ्या डोक्यात घण पडत होते. एरवी हेच सगळं मी तिला मोठ्यानं ऐकवलं असतं. ती शेजारून चालत होती, दुकानांकडे बघत, वर झाडांकडे बघत. माझ्याकडे बघत नव्हती.

कोपऱ्यावर ती रोजच्यासारखी लगेच वळली नाही. थांबली. माझ्या बाहीवर हात ठेवला. आता म्हणेल, चुकलं माझं. ती म्हणाली असती तर मी तिथेच रस्त्यात सगळं सोडून दिलं असतं, गाडी, बस, मालक, सगळं.

"आज चालायला किती छान वाटलं रे," ती म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. टोमणा नव्हता. अगदी मनापासून म्हणाली होती.