सुरुवातीचे अकरा सेकंद

भूमिकाने 'रद्द करा'वर तिसऱ्यांदा बोट दाबलं आणि व्हिडिओ जोडायच्या ॲपने तिसऱ्यांदा विचारलं, 'नक्की जाताय?' कारण विचारून झालं होतं, निम्म्या दरात राहायची गळ घालून झाली होती. निघालेल्या पाहुण्याला जेवूनच जा म्हणावं, तसा आग्रह चालला होता. मग पडद्यावर चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं.

मोफतचे सात दिवस आज दुपारी बाराला संपत होते. सव्वाअकरा झाले होते. बारानंतर पूर्ण वर्षाचे पैसे आपोआप कापले जाणार, आणि तेही सासूच्या खात्यातून. भूमिकाचं कार्ड ॲपने घेतलं नव्हतं, म्हणून गेल्या गुरुवारी तिने यशोदाबाईंचा फोन घेतला. "आई, रिचार्ज मारायचाय, पिन टाका," असं धडधडीत खोटं बोलली. यशोदाबाईंनी चष्मा न लावता आकडे दाबून दिले. त्या खात्यात त्यांच्या कवळीचे पैसे होते. भडगावच्या दातांच्या डॉक्टरकडे मापसुद्धा देऊन झालं होतं.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर व्हिडिओच्या कोपऱ्यातला शिक्का घालवण्यासाठी. सासूच्या हातचे पदार्थ ती चॅनलवर टाकायची. फुकटच्या ॲपवर व्हिडिओ जोडला की कोपऱ्यात त्या ॲपचं नाव उमटायचं. "कोण बघतंय तिकडे?" असं तिचा नवरा दीपक म्हणाला होता. पण ती बघत होती ना! आता तिला स्वतःचाच राग आला.

एकच वाट उरली होती. सासूच्या फोनवरून पैसे कापायची परवानगी काढून घ्यायची. त्यासाठी पुन्हा पिन लागणार, म्हणजे पुन्हा खोटं. काय सांगावं ते मनात घोळवत तिने फळीवरचा फोन उचलला.

परवानग्यांचं पान उघडलं. ॲपच्या नावापुढे लिहिलं होतं, 'रद्द'. खाली तारीख होती, गेल्या शुक्रवारची.

"काय देखी राहिनी?" अंगणातल्या चुलीपाशी बसलेल्या यशोदाबाईंनी विचारलं.

"आई, हे... हे कुणी बंद केलं?"

"बँकना मेसेज उना. माले वाचता येत नही, मंग डिंपलले दखाडा. तिनी बंद करी दिधं."

डिंपल शेजारची, बचतगटाचं लिहिणं-वाचणं तीच करायची. भूमिकाच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि लगेच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे सगळं माहीत असून सासूबाई सहा दिवस रोज तिच्यासमोर बसल्या, हसल्या, भाकरी थापून दाखवली.

"मग मला का नाही बोललात?"

"बोलनू ना. शुक्रवारले, भरीत करतांना." त्यांनी वांगं उलटवलं. "तू ते कापी टाकं व्हई."

भूमिका आत आली. तिने जुनं, फुकटचं ॲप उघडलं आणि त्यात शुक्रवारचं मूळ चित्रीकरण टाकलं. सुरुवातीचे अकरा सेकंद तिने तेव्हा आवाज न ऐकताच उडवले होते. चित्रीकरणाच्या वेळी तिचं सगळं लक्ष धुराकडे होतं. या वेळी तिने आवाज वाढवला.

यशोदाबाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मोबाईलकडे नाही, त्याच्या वर, तिच्याकडे बघत होत्या.

"भूमिका, तुले पैसा लागत व्हतात का वं? माले सांगती ते..."

"आई, इकडचं तिकडचं नको," मोबाईलमागून तिचाच आवाज आला, चांगला हसरा. "वांग्यापासून सुरू करा."

यशोदाबाईंनी पदर खाली घेतला, मान हलवली आणि वांगं उचललं.